पटकी आणि प्लेगवर लस शोधणारे वाल्देमार हाफकिन

मुंबईत परळ येथे असलेल्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे. सर्पदंशावरील औषध आणि पोलिओचे थेंब यांमुळे ते खेड्यापाड्यांतही पोहोचले. ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते, त्या वाल्देमार हाफकिन यांच्या आयुष्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. 1879 मध्ये त्यांनी तेथील विद्यापीठात निसर्गविज्ञानाच्या अभ्यासासाठी प्रवेश घेतला. त्या वेळी रोगप्रतिकारशास्त्र नावाचा विषय जगातील कोणत्याही विद्यापीठात शिकवला जात नव्हता. हाफकिन यांच्या वाट्याला आला तो प्राणिशास्त्राचा वर्ग; परंतु त्या वर्गाचे अध्यापक होते इल्या मेचनिकोव्ह. शरीरातील विशिष्ट पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हा सिद्धांत पुढे त्यांनीच मांडला. 1882 च्या अखेरीस इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसून त्यांनी त्याचे निरीक्षण केले. याच संशोधनासाठी 1908 चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिश यांच्यासह मिळाले.

असे गुरू लाभूनही विद्यार्थिदशा सुखाची नव्हती. 1881 मध्ये झारची हत्या झाल्यानंतर दक्षिण रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ओडेसात वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. ते जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. मेचनिकोव्ह यांनी मध्यस्थी केल्यामुळे त्यांची सुटका झाली. विद्यापीठातील सरकारी हस्तक्षेपाला कंटाळून खुद्द मेचनिकोव्ह यांनी 1882 मध्ये राजीनामा दिला. हाफकिन यांनी शिक्षण पुरे केले, पण धर्मांतर केल्याखेरीज अध्यापकपद मिळणार नाही, अशी अट त्यांच्यापुढे आली. त्यांनी ती नाकारली आणि शहरातील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एकपेशीय जीवांचा अभ्यास करीत काही वर्षे काढली.

1888 मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हात थोडा काळ राहून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आपल्या गुरूंकडे गेले. तेथे जागा रिकामी होती ती केवळ ग्रंथपालाची! ती त्यांनी स्वीकारली आणि फावल्या वेळात प्रयोगशाळेत काम सुरू ठेवले. पटकीच्या जंतूंचा जोर आधी कमी करून आणि मग वाढवून, काही दिवसांच्या अंतराने दोनदा टोचायची, अशी लस त्यांनी तयार केली. 18 जुलै 1892 रोजी पहिली सुई त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली.

या लसीची खरी कसोटी पटकीच्या मायदेशात, म्हणजे भारतात होणार होती. 1893 मध्ये ते कलकत्त्यात उतरले. तेथील वस्त्यांपासून उत्तरेतील छावण्यांपर्यंत त्यांनी हजारो लोकांना लस टोचली. यात्रेबरोबर पटकी पसरते, हे तोवर सर्वांना कळून चुकले होते. काशीला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंच्या मनातही ही भीती असेच. पेशवे घराण्यातील अमृतराव यांच्या नावाने ओळखला जाणारा तेथील घाट असो वा अन्य कोणता, सर्वांचे स्नान आणि तीर्थप्राशन एकाच प्रवाहात. जाता जाता एक गोष्ट नोंदवायला हवी. आग्र्यात हाफकिन यांना साहाय्य करणारे जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी 1896 मध्ये असे दाखवून दिले की, गंगा आणि यमुनेच्या न उकळलेल्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. पाणी उकळले की हा गुण नाहीसा होतो. जंतूंना मारणाऱ्या विषाणूंमुळे असे घडत असावे, हा खुलासा पुढे विसाव्या शतकात झाला. अर्थात, तेवढ्याने घाटावरची पटकी थांबली नव्हती.

त्याच वर्षी मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला आणि सरकारने हाफकिन यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील तुटपुंज्या जागेत त्यांनी तीन महिने अविश्रांत काम केले. मांसरसावर तूप तरंगत ठेवून त्यात जंतू वाढवायचे, मग उष्णतेने ते मारायचे, अशी ही पद्धत होती. 10 जानेवारी 1897 रोजी पुन्हा पहिली मात्रा त्यांनी स्वतः घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली आणि त्यांच्यातील लागण इतर कैद्यांपेक्षा कमी राहिली.

हे वर्ष महाराष्ट्र विसरलेला नाही. मार्चमध्ये प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. पुण्यात घराघरांत शिरून झालेल्या तपासण्यांनी संताप उसळला आणि जूनमध्ये रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. या पार्श्वभूमीवर हाफकिन यांनी लस ऐच्छिकच ठेवण्याचा आग्रह धरला, हे विशेष म्हटले पाहिजे. आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली आणि त्यांचे हजारो अनुयायी पुढे आले. 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली.

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात 107 जणांना लस देण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने मरण पावले. दोष प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, ही साक्ष उपलब्ध असूनही चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळली. लंडनमध्ये राहून त्यांनी आपली बाजू मांडली. अखेर 1907 मध्ये रोनाल्ड रॉस आणि अन्य शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्यांचा पक्ष घेतला, तेव्हा कोठे ते दोषमुक्त झाले. त्या पाच वर्षांची भरपाई मात्र झाली नाही. भारतात परतल्यावर त्यांना परळ मिळाले नाही. कलकत्त्यातील प्रयोगशाळेत नेमणूक झाली, पण नव्या लसींच्या चाचण्या घेण्याची मुभा नव्हती. 1914 मध्ये निवृत्त होऊन ते युरोपला गेले.

1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते हयात होते. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ भारतीय टपाल खात्याने 1964 मध्ये तिकीट काढले.