चिमाजी अप्पा

चिमाजी अप्पा (मृत्यू : डिसेंबर १७४०) हे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे पुत्र, थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू व सदाशिवरावभाऊंचे वडील होत. १७२८ मध्ये माळव्यातील अमझेऱ्याच्या लढाईत त्यांनी मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. परंतु त्यांची कीर्ती प्रामुख्याने साष्टी बेट व वसई यांच्या विजयावर उभी आहे.

साष्टी व वसई पोर्तुगीजांच्या, तर लगतचे मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात होते. पोर्तुगीज अंमलातील धार्मिक जाचाविरुद्ध अणजूरच्या गंगाजी नाईकांनी पेशव्यांकडे दाद मागितली. स्थानिकांच्या साहाय्याने मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टीत पाय रोवला.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या या किल्ल्याची समुद्राकडील कोंडी मानाजी आंग्रे यांच्या आरमारामुळे शक्य झाली. इंग्रजांनी पोर्तुगीजांना दारूगोळा पुरवला, पण सैन्य धाडले नाही. भुयारी सुरुंगांनी तट फोडल्यावर मे महिन्यात किल्ला शरण आला. पराभूत शिबंदीला चिमाजी अप्पांनी सन्मानाने जाऊ दिले. जुलैमध्ये इंग्रजांनी विजेत्या मराठ्यांशी तह केला.

बाजीरावांच्या निधनानंतर आठ महिन्यांच्या आतच चिमाजी अप्पांचेही निधन झाले. पोर्तुगीज हटल्याने साष्टीवर डोळा असलेली इंग्रज ही एकच प्रबळ युरोपीय सत्ता शेजारी उरली. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाणे जिंकले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली.