बाया

कर्वे रस्त्याने मी गेली तीन वर्षे बसने कॉलेजात येते. ज्यांच्या नावाचा हा रस्ता त्या अण्णांचे, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे, चरित्र आपण सर्वांनीच शाळेत वाचले आहे. त्या धड्यात बाया कोठेतरी एका वाक्यात येतात आणि जातात. अण्णांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला, एवढेच! ती विधवा कोण, कोठली, तिने पुढे काय काय सोसले, हे कोणी सांगत नाही. मला ते 'माझे पुराण' हाती आल्यावर कळले. बायांचे हे आत्मचरित्र १९४४ साली त्यांच्या सूनबाई कावेरीबाई कर्वे यांनी संपादित करून प्रसिद्ध केले. स्वतःच्या आयुष्याला पुराण म्हणणारी बाई मला तेथेच आवडली. कंटाळवाण्या लांबणीला आपण पुराण म्हणतो, आणि हे तर एका बैठकीत संपते.

बाया देवरुखच्या जोशांच्या गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न झाले आणि तीन महिन्यांत नवरा वारला. नवरा म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच त्या विधवा झाल्या. पुढे केशवपन झाले आणि सासरी राबण्यात वर्षांमागून वर्षे गेली. कोकणातल्या हजारो बालविधवांची कहाणी येथेच संपत असे. गोदूबाईंची संपली नाही, कारण त्यांचे बंधू नरहरपंत शिकण्यासाठी मुंबईला होते आणि त्यांनी बहिणीला तेथे आणले. १८८९ च्या मार्चमध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले, तेव्हा तेथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी या गोदूबाई. तेव्हा त्यांचे वय विशीच्या पुढे गेलेले होते. आपल्यापैकी बहुतेकींची पदवी हातात पडते त्या वयात त्यांनी धडे गिरवायला सुरुवात केली!

नरहरपंत आणि अण्णा मित्र. १८९१ साली अण्णांची पहिली पत्नी राधाबाई वारली आणि मागे रघुनाथ हा लहान मुलगा राहिला. त्याच वर्षी अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, हा त्यांचा निश्चय होता, आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्या आनंदीबाई झाल्या. घरच्यांच्या आणि पुढे सगळ्यांच्याच बाया.

लग्नाची बातमी मुरूडला पोचली आणि गाव खवळला. गावाची सभा भरली. अण्णा घरी उतरले तर त्यांच्या आईभावंडांनाही वाळीत टाकायचे, असे ठरले. नव्या सुनेचे स्वागत हे असे! अण्णांना निदान कॉलेज होते, मित्र होते, विधवाविवाहोत्तेजक मंडळीचे काम होते. बायांना होते ते घर, आणि त्या घरी हळदीकुंकवाला कोण येणार?

खरी गोष्ट मात्र याच्याही पुढची आहे, आणि चरित्रे लिहिणारे ती बहुधा घाईने ओलांडून जातात. १८९६ साली अण्णांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. जागा दिली होती रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी. दिवसभर शिकवून अण्णा संध्याकाळी सामानसुमान घेऊन चिखल तुडवत चार मैल चालत हिंगण्याला जात आणि सकाळी परत येत. हे चित्र आपल्या सर्वांच्या मनात आहे. त्या वेळी बाया पुण्यात मुलांना घेऊन एकट्या असत. त्यांना आश्रमात राहता येत नव्हते. पुनर्विवाहित बाई आश्रमात दिसली, तर येथे मुलींची लग्ने लावून देतात असा लोक संशय घेतील, आणि कोणी आपली विधवा लेक तेथे पाठवणार नाही, हे कारण. कारण खरे होते, त्या काळी नाइलाजाचेही असेल. तरीही मला ते वाचताना राग आला आणि अजून येतो. ज्या बाईने पुनर्विवाहाचे सारे शिव्याशाप अंगावर घेतले, तिलाच विधवांच्या घराचे दार बंद! आणि बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विधवाच राहिल्या, म्हणून त्या आश्रमात शिरू शकल्या, पुढे तेथील प्रमुख झाल्या आणि आश्रमासाठी निधी मिळवायला थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. दोघी एकाच आईच्या मुली.

बाया गप्प बसणाऱ्या नव्हत्या, हे मात्र आवर्जून सांगायला हवे. अण्णांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा त्या संतापल्या. मुलांचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. तो आईचा प्रश्न होता, आणि तो विचारायला घरात दुसरे कोणीच नव्हते. नवरा देवमाणूस असला की संसाराचा हिशेब बायकोकडे येतो. आणि बायांनी तो ठेवला. पुस्तकात त्या नवऱ्याची आरती ओवाळत नाहीत. त्यांना त्याचा अभिमान आहे आणि त्याच्याशी भांडणही आहे.

मुले मात्र शिकली. सावत्र मुलगा रघुनाथ, लग्नाच्या वेळी अकरा वर्षांचा, तोच पुढे 'समाजस्वास्थ्य' चालवणारा र. धों. कर्वे. संततिनियमनाच्या प्रचारासाठी त्यानेही बापासारखेच अवघ्या समाजाशी वैर पत्करले. शंकर डॉक्टर झाला आणि आफ्रिकेत मोंबासाला गेला. दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. भास्कर हिंगण्याच्या संस्थेत रमले. आणि सून आली ती इरावती! बर्लिनहून पीएच.डी. घेऊन आलेली ही सून आणि उशिरा मुळाक्षरांना भिडलेली ही सासू! इरावतीबाईंच्या मुली जाई निंबकर आणि गौरी देशपांडे दोघीही लेखिका झाल्या. गौरीच्या कादंबऱ्यांतली बाई कोणाची परवानगी मागत नाही. त्या वाचताना मला दर वेळी वाटते, या घरात एका आजीने फार पूर्वीच परवानगी मागायचे सोडून दिले होते.

नातवंडांच्या वाट्याला आलेली आजी म्हणजे दोन राज्ये पाहिलेली बाई. त्यांनी पेशवाईच्या आठवणी सांगणारे म्हातारे पाहिले असतील, आणि १९४७ चा झेंडाही पाहिला. पुढे हिंगण्यालाही त्यांना राहता आले, पण मुले लहान असताना जे दार मिटले होते ते आता उघडून काय उपयोग, असे माझ्या मनात येते. बायांच्या मनात तसे आले नसेल. त्या आश्रमाच्या मुलींवर रागावल्याचे पुस्तकात मला कोठे दिसले नाही.

२९ नोव्हेंबर १९५० रोजी बाया गेल्या. वय पंचाऐंशीच्या आसपास. अण्णा त्यांच्यामागे बारा वर्षे होते. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. त्या समारंभाची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. त्यांत अण्णांच्या शेजारची जागा मी दर वेळी शोधते.