मेंडेलीव्हला आयन पटले नव्हते, पण त्यांचा प्रभार कळतो त्याच्याच तक्त्यावरून

जव्हार असो की मोखाडा, दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक नाव भेटतंच : दिमित्री मेंडेलीव्ह. सोडिअमवर +1 आणि क्लोरीनवर −1 प्रभार का, हे समजायला ज्याची आवर्तसारणी उघडावी लागते, तोच हा माणूस.

जन्म 1834 चा, सायबेरियातल्या तोबोल्स्कचा. वडील शिक्षक होते, पण त्यांची दृष्टी गेली. घर चालवायला आईनं काचेचा कारखाना सांभाळला. 1847 मध्ये वडील वारले, पुढच्याच वर्षी कारखाना जळाला. आई खचली नाही. पोराला घेऊन हजारो किलोमीटर दूर मॉस्को गाठलं. तिथे प्रवेश नाकारला गेला. मग सेंट पीटर्सबर्ग. 1850 मध्ये तिथे प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी आई गेली.

1869 मध्ये मेंडेलीव्हनं तेव्हा माहीत असलेली 63 मूलद्रव्यं अणुवस्तुमानाच्या क्रमानं मांडली. एखादं मूलद्रव्य ऑक्सिजनशी कोणत्या प्रमाणात जुळतं, हेही पाहिलं. सोडिअमचे 2 अणू ऑक्सिजनच्या एका अणूशी जुळतात, मॅग्नेशिअमचा मात्र एकच पुरतो. सारख्या सवयीची मूलद्रव्यं एका गणात आली.

जिथे मूलद्रव्य सापडेना, तिथे त्यानं जागा मोकळी सोडली. अशा एका जागेला नाव दिलं एका-ॲल्युमिनिअम. यातला 'एक' थेट संस्कृतमधला. 1875 मध्ये तेच मूलद्रव्य, म्हणजे गॅलिअम, फ्रान्समध्ये सापडलं. त्याची घनता 4.7 भरली. मेंडेलीव्हनं कळवलं, मोजमाप चुकलंय, ती 5.9 च्या आसपास हवी. पुन्हा मोजली तर 5.9 निघाली!

पण 1880 च्या दशकात स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनिअसनं मांडलं की मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे प्रभारित आयन सुटे होतात. हे काही मेंडेलीव्हला पटलं नाही. 1906 च्या नोबेलसाठी समितीचा कौल त्याच्या बाजूनं होता, तरी पुरस्कार फ्रान्सच्या हेन्री मॉयसांला गेला. यामागे अर्‍हेनिअसचा हात होता, असं सांगितलं जातं. 1907 मध्ये मेंडेलीव्ह वारला.

गणांचं खरं कारण नंतर उलगडलं : बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन. सोडिअमकडे तिथे 1 असतो, तो देऊन टाकला की +1. मॅग्नेशिअम 2 देतो, म्हणून +2. क्लोरीनकडे 7 असतात, 8 पूर्ण करायला तो 1 घेतो, म्हणून −1. म्हणजे ऑक्सिजनशी जुळण्याच्या ज्या प्रमाणावर मेंडेलीव्हनं गण पाडले, त्यातच हा हिशेब दडलेला होता. त्याला तो प्रभार म्हणून दिसला नाही, एवढंच.

नागलीच्या भाकरीत पडणाऱ्या चिमूटभर मिठातही हेच +1 आणि −1 एकमेकांना धरून असतात. नोबेल हुकलं, पण 1955 मध्ये तयार केलेल्या 101 व्या मूलद्रव्याला नाव मिळालं मेंडेलेव्हिअम. त्याच्याच तक्त्यात आता त्याचंही एक घर आहे.