पाचही शर्यती जिंकूनही तिसरा

स्पर्धेत एकदाही न हरलेला खेळाडू विजेता ठरत नाही, असे क्रीडाविश्वात क्वचितच घडते. ऑस्ट्रेलियाचा मोटारसायकलपटू आर्थर ऊर्फ ‘ब्ल्युई’ विल्किन्सन याच्या वाट्याला मात्र हे दुर्दैव आले, आणि तेही स्पीडवेच्या पहिल्याच वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत.

विल्किन्सनचा जन्म २७ ऑगस्ट १९११ रोजी न्यू साउथ वेल्समधील मिलथॉर्प या छोट्या गावी झाला. बालपण जवळच्याच बाथर्स्टमध्ये गेले. तांबूस केसांच्या माणसाला ऑस्ट्रेलियात गमतीने ‘ब्ल्युई’ म्हणतात. विल्किन्सनला हे टोपणनाव जन्मभर चिकटले. १९२८ मध्ये स्पीडवे ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला पोहोचला आणि पुढच्याच वर्षी विल्किन्सनही लंडनच्या वेस्ट हॅम संघात दाखल झाला.

हा खेळ दिसतो सोपा, पण आहे जीवघेणा. लंबगोल मातीच्या धावपट्टीवर चार स्वार चार फेऱ्या मारतात. मोटारसायकलला ब्रेक नसतो. वळणावर वेग न सोडता मागचे चाक मुद्दाम घसरवायचे आणि लोखंडी तळ बसवलेला डावा पाय जमिनीला टेकवून तोल सावरायचा, हीच यातली विद्या. पहिल्या क्रमांकाला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक गुण. पाच शर्यतींत जास्तीत जास्त १५ गुण मिळू शकतात.

१० सप्टेंबर १९३६ रोजी वेम्बली स्टेडियमवर ७० हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर विल्किन्सनने ते सर्वच्या सर्व १५ गुण मिळवले. पण आधीच्या फेऱ्यांतील कामगिरीचे बोनस गुण अंतिम बेरजेत धरले जाणार होते. विल्किन्सनच्या खात्यात ते १० होते, एकूण २५. त्याचाच देशबांधव लायनेल व्हॅन प्राग याचे १४ आणि १२ मिळून २६ झाले, तर इंग्लंडच्या एरिक लँग्टनचे १३ आणि १३ मिळून तेवढेच. अजिंक्यपदाचा फैसला या दोघांतील जादा शर्यतीने झाला. ती व्हॅन प्रागने जिंकली आणि विल्किन्सन तिसरा ठरला.

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या जत्रेच्या आखाड्यात पंचांनी असा निकाल दिला असता, तर फड शांत राहिला नसता. समोर येईल त्या प्रत्येकाला चीतपट करणाऱ्या मल्लाला मागच्या जत्रांचा हिशेब कोणी विचारत नाही. अर्थात वेम्बलीवरचा निकाल नियमाला धरूनच होता. दोष असलाच तर नियमाचा.

१९३७ मध्ये पहिले तिन्ही क्रमांक अमेरिकेच्या स्वारांनी पटकावले. जॅक मिल्न विश्वविजेता झाला. विल्किन्सनला आणखी एक वर्ष थांबावे लागले.

१ सप्टेंबर १९३८. पुन्हा वेम्बली. आदल्या रात्रीच्या शर्यतीत पडून विल्किन्सनच्या गळपट्टीचे हाड मोडले होते. ज्या खेळात सारा भार हँडलवर येतो, त्यात अशा अवस्थेत उतरणे हे आज डॉक्टरांनी मान्य केले नसते. तो उतरला. रात्रअखेर त्याचे २२ गुण झाले, मिल्नचे २१ आणि विल्बर लॅमोरो याचे २०. बोनसची पद्धत याही वर्षी कायम होती. एका गुणाने हुकलेले अजिंक्यपद दोन वर्षांनी एकाच गुणाने त्याच्या हाती आले.

विजेतेपदानंतर, ऐन भरात असताना त्याने शर्यतींतून निवृत्ती घेतली आणि शेफील्डच्या स्पीडवेचे व्यवस्थापन पत्करले. १९३९ ची अंतिम फेरी महायुद्धामुळे झालीच नाही. तो मायदेशी परतला. ब्रेक नसलेल्या मोटारसायकलवर दहा वर्षे काढलेल्या या स्वाराचा अंत मात्र धावपट्टीवर झाला नाही. २७ जुलै १९४० रोजी सिडनीत रस्त्यावरील अपघातात त्याचे निधन झाले. वयाची २९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

अजिंक्यपद स्पर्धा पुन्हा सुरू झाली ती १९४९ मध्ये, बोनस गुणांना फाटा देऊनच. वेम्बलीवर इंग्लंडचा टॉमी प्राइस पाचही शर्यती जिंकून १५ गुणांसह विश्वविजेता ठरला.