टिळकांच्या घरचे कवि

रेव्ह. नारायण वामन टिळक यांचीं पदें ज्यांच्या कानीं पडलीं नाहींत असे ख्रिस्ती लोक नगर जिल्ह्यांत क्वचितच असतील. परंतु दुसऱ्याच्या अंगीं दडलेला गुण ओळखून त्यास कामाला लावण्याची त्यांची हातोटीहि काव्याइतकीच मोठी होती. येथें तिजविषयींच लिहावयाचें आहे.

त्यांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत करजगांवीं झाला. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व पुढें ते अमेरिकन मराठी मिशनमध्यें नगरास राहिले. तेथें त्यांनीं धर्मशिक्षणाच्या शाळेंत शिकविलें, व १९१२ पासून ज्ञानोदयाच्या मराठी भागाचें संपादन केलें. परक्या चालीवर बसविलेलें गीत खेड्यांतील माणसाच्या गळ्यांत सहज बसत नाहीं. अभंग व ओवी त्याच्या घरचीं. टिळकांनीं हें जाणलें आणि एरवीं मागें गप्प बसणाराहि टाळ घेऊन पुढें होईल अशीं पदें शेंकड्यांनीं रचिलीं.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे या पोरवयाच्या कवीस १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत बालकवि हें नांव मिळालें. टिळकांनीं त्यास नगरास आपल्या घरीं ठेवून घेतलें. मुलगा हिंदु, घर ख्रिस्ती. पण लक्ष्मीबाईंनीं त्यास पोटच्या पोराप्रमाणें वागविलें. शाबासकी देणारे पुष्कळ असतात. राहावयास जागा, जेवणाचें ताट व रोज कवितेची गोष्ट बोलावयास माणूस देणारे थोडे. १९१८ सालीं आगगाडीच्या अपघातांत बालकवि वारले, तेव्हां त्यांचें वय अवघें सत्तावीस होतें.

आतां लक्ष्मीबाईंची गोष्ट. त्या शाळेंत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख टिळकांनींच करून दिली. टिळकांचा स्वभाव तापट, शिकविण्याचा धीर थोडा. असा गुरु सोसणें सोपें नव्हे, आणि थोर माणसाचे दोष झांकण्यांत कांहीं पुण्य आहे असें आम्हांस वाटत नाहीं. टिळकांनीं धर्म बदलल्यावर उभयतांची सुमारें साडेचार वर्षें ताटातूट झाली. तें दुःख बाईंनींच अधिक भोगिलें. मात्र त्या परत आल्यावर त्यांच्या सोंवळ्यावर टिळकांनीं जुलूम केला नाहीं. वेगळी चूल, वेगळें पाणी, सर्व चालूं दिलें. बाईंचें मन आपल्याच विचारानें पालटलें, व १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनचा पगार सोडून देवाचा दरबार स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोघेहि बंधु म्हणून एकत्र यावेत अशी योजना होती. ती मूळ धरते न धरते तोंच ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला. प्रभूचें चरित्र ओंवीबद्ध सांगणारें ख्रिस्तायन हें त्यांचें काव्य दहा-अकरा अध्यायांवरच थांबलें होतें. पुढचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनीं रचिला, आणि त्याच सुमारास, १९३४ पासून, त्यांचीं स्मृतिचित्रें छापून येऊं लागलीं. १९३६ सालीं त्या वारल्या, तेव्हां ख्रिस्तायनाचें जें थोडें राहिलें होतें तें पुत्र देवदत्त यांनीं पुरें केलें.