नारायण मेघाजी लोखंडे : कामगारांचे गाऱ्हाणे लिहिणारा माणूस

रविवारची सुट्टी कोणी मागून घेतली असेल असा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. सूर्य जसा उगवतो तसा आठवड्याच्या शेवटी रविवार येतो, आणि महाविद्यालयाचे दार बंद असते, एवढेच आपल्याला ठाऊक. इंग्रजी अमदानीत सरकारी कचेऱ्यांना रविवार साहेबाच्या धर्मामुळे आपोआप मिळाला हे खरे. पण मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या माणसाला तो मिळाला १० जून १८९० रोजी, आणि त्याआधी सहा वर्षे त्यासाठी अर्ज लिहिले जात होते, सभा भरत होत्या आणि एक साप्ताहिक दर आठवड्याला तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. हे सारे ज्यांच्याभोवती घडले ते नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणे फुलमाळी समाजातले, मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. घरची गरिबी, मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झाले आणि मग नोकरी. आधी रेल्वेत, मग टपालखात्यात, आणि त्यानंतर मुंबईच्या मांडवी भागातील एका कापडगिरणीत स्टोअरकीपर म्हणून. त्यांच्या चरित्रातील ही नोकरी लोक एका वाक्यात उरकतात. मला मात्र तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. स्टोअरकीपर हा गिरणीतला मधला माणूस. वरच्या साहेबाची भाषा त्याला कळते, हिशेबाची वही त्याच्या हाती असते आणि दिवसभर खालच्या माणसांशी त्याची गाठ पडत असते. साचा चालवणारा काय बोलतो आणि कचेरीत काय लिहिले जाते, हे दोन्ही त्याला एकाच दिवशी दिसते.

त्या काळची गिरणी कशी होती? कावसजी दावर यांच्या पहिल्या गिरणीचे काम मुंबईत १८५६ साली सुरू झाले, आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत गिरण्यांची संख्या सत्तरच्या घरात गेली. रत्नागिरीहून, साताऱ्याहून, पुण्याकडून माणसे आली. विजेचे दिवे नव्हते, म्हणून कामाची वेळ उजेडावर, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, तेव्हा कामही लांबलेले. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही, आणि यंत्रे बंद असली तरी ती पुसून स्वच्छ करायला रविवारी यावे लागे ते वेगळेच. पगार महिना संपल्यावर लगेच हाती पडेल असा नेम नव्हता. तो तुंबवून ठेवण्याचीच रीत होती. १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला, पण तो लहान मुलांपुरता. मोठ्या माणसांना, बायकांना त्याचा काही उपयोग नव्हता.

यापेक्षाही एक वाईट गोष्ट होती, आणि ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती. मालक आणि कामगार यांच्यामध्ये जॉबर उभा असे. माणूस कामावर घ्यायचा तो जॉबरने, काढायचा जॉबरने, रजा त्याच्या मर्जीची, दंड त्याच्या सांगण्यावरून, आणि नोकरी टिकवायची तर दस्तुरीही त्यालाच. वरचा व्यवस्थापक बहुधा इंग्रज किंवा पारशी. त्याचा हुकूम जॉबरच्या तोंडून खाली येई. खालचे म्हणणे वर न्यायचे तर वाट तीच, आणि ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे त्यालाच ते वर सांगायची विनंती करावी लागे! व्यवस्थापनशास्त्राच्या आजच्या पुस्तकांत संज्ञापनावर एक प्रकरण असते आणि त्यातल्या आकृतीत बाण वरून खाली जातात तसे खालून वरही जातात. १८८० च्या गिरणीची आकृती काढायची तर बाण एकाच दिशेचे काढावे लागतील.

अशा वेळी लोखंड्यांच्या हाती ‘दीनबंधु’ आले. हे साप्ताहिक सत्यशोधक विचारांच्या कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केले होते. पैशाअभावी ते चालेना, तेव्हा १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईत आणले आणि संपादकपद स्वीकारले. ते स्वतः जोतीराव फुल्यांचे अनुयायी, सत्यशोधक समाजाचे मुंबईतील एक खंदे कार्यकर्ते. शेतकरी आणि खालच्या मानलेल्या जातींची बाजू मांडणाऱ्या या पत्रात आता गिरणीतला माणूस दिसू लागला. अशा पत्राची पोहोच खपाच्या आकड्यावरून मोजता येत नाही. त्या काळी वाचता येणारा एक आणि भोवती ऐकणारे दहा, अशी वृत्तपत्रवाचनाची तऱ्हा होती. आपण ज्या खात्यात उभे राहून दिवस काढतो त्या खात्याचे वर्णन छापील अक्षरांत ऐकायला मिळणे, ही त्या ऐकणाऱ्यांच्या आयुष्यातली केवढी नवी गोष्ट असेल! आपला त्रास हा आपल्या नशिबाचा किंवा आपल्या एकट्याच्या जॉबरचा नाही, पलीकडच्या गिरणीतही तोच आहे, हे कळायला दुसरे साधन नव्हते.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. ही संधी लोखंड्यांनी साधली. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळला सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. तेथे मागण्या ठरल्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत कामगाराला वेतन मिळावे आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. पगारवाढीची मागणी त्यात नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जे मागितले ते माणूस म्हणून दिवस कसा जावा याविषयीचे होते.

याच वेळी ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली आणि लोखंडे तिचे अध्यक्ष झाले. हिंदुस्थानातील कामगारांची ही पहिली संघटना मानतात. नावाकडे जरा पाहावे. इंग्रजीत गिरणी कामगाराला ‘हँड’ म्हणत, म्हणजे नुसता हात. गिरणीच्या वहीत इतके साचे आणि इतके हात अशी मोजणी. लोखंड्यांनी संस्थेचे नाव तेच ठेवले, पण आता हे हात अर्जावर सही करू लागले होते. त्याआधी हीच माणसे एकमेकांना कोणत्या नावाने ओळखत? हा रत्नागिरीचा, तो घाटावरचा, हा अमक्या जातीचा, तो अमक्या जॉबरचा. साडेपाच हजारांच्या अर्जात या सगळ्यांना मिळून एकच नाव होते, आणि ते त्यांच्या कामावरून पडलेले होते.

त्या अर्जाचे लगेच काही फळ मिळाले नाही. सरकार हलले नाही, मालक तर नाहीच नाही. मालकांची स्वतःची संघटना १८७५ पासून होती. तिच्या शब्दाला वजन होते. शिवाय कामगारांच्या बाजूने बोलणे त्या वेळी लोकप्रियही नव्हते. लँकेशायरच्या कापड उत्पादकांना मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा नको होती, म्हणून विलायतेत कारखाने कायद्याची ओरड चालली होती. त्यामागे दयेपेक्षा धंदा अधिक होता यात शंका नाही. या कारणाने ‘केसरी’सह अनेक देशी पत्रांनी अशा कायद्याला विरोध केला. आपला बाल्यावस्थेतला उद्योग परक्यांनी मारू नये, हे त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे म्हणवत नाही. पण त्या उद्योगात बारा-तेरा तास उभ्या असलेल्या बाईने काय करावे याचे उत्तर त्या म्हणण्यात नव्हते. ‘दीनबंधु’ने ते विचारले आणि मँचेस्टरच्या फायद्याचे बोलल्याचा दोष पत्करला.

लोखंडे सर्वच बाबतींत निर्भय होते असे मात्र नाही, आणि त्यांच्या गौरवग्रंथांत न रमता हे सांगितले पाहिजे. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’त आली आणि पुढची छापायचे लोखंड्यांनी थांबवले. मजकूर जहाल होता. सरकारची खप्पामर्जी ओढवण्याची धास्ती त्यांना वाटली असावी. जोतीरावांना याचा फार संताप आला आणि आपल्याच माणसाच्या या भित्रेपणाची नोंद त्यांनी ग्रंथात करून ठेवली. ती वाचताना वाईट वाटते. अर्ज, विनंती, निवेदन हा लोखंड्यांचा पिंड. असूड त्यांच्या हातात शोभला नसता. मालकाशी आणि सरकारशी बोलणे चालू राहावे यासाठी किती गप्प बसायचे, हा प्रश्न त्यांना सुटला होता असे मला वाटत नाही. पण गुरुशिष्यांचा संबंध यामुळे तुटला नाही. मुंबईच्या कामगारांच्या सभांतून जोतीरावही बोलले.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर कामगारांची प्रचंड सभा झाली. दहा हजार माणसे जमली. त्या काळात ध्वनिक्षेपक नव्हता हे लक्षात घेतले म्हणजे दहा हजार या आकड्याचा अर्थ कळतो. मागच्यांना पुढच्यांनी सांगायचे, अशीच ती सभा झाली असणार. आणि या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. ज्या काळी घरंदाज सुशिक्षित स्त्रीही पुरुषांच्या सभेत उभी राहून बोलत नव्हती त्या काळी! आठवड्याच्या सुट्टीची मागणी मालकसंघाकडे गेली आणि १० जूनला मालकांनी ती मान्य केली. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगावर मुंबईपुरते सहसभासद म्हणून लोखंड्यांना घेतले गेले. जे म्हणणे जॉबरच्या पलीकडे जात नव्हते ते आता आयोगाच्या टेबलावर नोंदले जाऊ लागले, आणि ते नोंदणाऱ्यांत त्यांच्यातला एक माणूस बसलेला होता. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली, स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली. प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादा पडायला मात्र १९११ साल उजाडावे लागले.

आता एक जुना वाद. पुष्कळ अभ्यासक म्हणतात की लोखंड्यांच्या संस्थेला कामगार संघटना म्हणताच येत नाही. याला आधार सरकारी अहवालाचाच आहे. १८९२ च्या अहवालात नोंद आहे ती अशी की या संस्थेला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. तिचे अध्यक्ष आपल्याकडे येणाऱ्या कामगाराला स्वखुशीने सल्ला देतात, इतकेच. पुढच्या काळात ज्या बलाढ्य युनियन झाल्या त्यांच्याशी तुलना करता ही टीका खरी आहे. वर्गणी नव्हती, संपाची ताकद नव्हती, आणि अर्जविनंत्यांच्या पलीकडे लोखंडे गेले नाहीत. परंतु अहवाल लिहिणाऱ्याने उणीव म्हणून जे सांगितले त्यात मला दुसरेच काही दिसते. यादी नाही, पैसा नाही, नियम नाहीत. तरी साडेपाच हजार सह्या होतात, दहा हजार माणसे मैदानावर येतात. मग ही संस्था होती कशाची बनलेली? एक साप्ताहिक, काही सभा, आणि कोणत्याही गिरणीतला कोणीही माणूस ज्याच्याकडे जाऊन आपले गाऱ्हाणे सांगू शकेल असा एक गृहस्थ. दिवसभराच्या खडखडाटानंतर आपले कोणीतरी ऐकून घेतले, लिहून घेतले, एवढ्यानेही माणसाला उभारी येते. १८८४ चा अर्ज फुकट गेल्यावरही १८९० ला गर्दी वाढलेली दिसते, ती कशाने वाढली हे सांगायला मला तरी दुसरे कारण सापडत नाही.

त्यांची बाकीची कामेही बरीच आहेत. विधवांचे केशवपन करण्यास न्हाव्यांनी नकार द्यावा यासाठी त्यांनी नाभिकांची सभा घेतली; म्हणजे येथेही जे हात काम करत होते त्यांनाच त्या कामाविषयी बोलते केले. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची भयंकर दंगल झाली. त्यानंतर राणीच्या बागेत सर्व धर्मांच्या लोकांची सलोख्यासाठी सभा भरवण्यात लोखंडे पुढे होते. सरकारने त्यांना जस्टिस ऑफ दि पीस केले, रावबहादुर ही पदवी दिली. पदवीमुळे गिरणगावातील माणसाचे त्यांच्याकडे जाणे थांबले नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग शिरला, तो मांडवीतच. जेथे त्यांनी स्टोअरकीपरी केली होती त्याच वस्तीत. माणसे मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या गलबताने गावाकडे पळू लागली, गिरण्या ओस पडल्या. लोखंडे मुंबईतच राहिले आणि रुग्णांच्या सोयीच्या कामाला लागले. त्या कामातच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय पन्नाशीच्या आतले. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्याच रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

त्यांच्यामागे असोसिएशनचे नाव ऐकू येईनासे झाले; ज्या माणसाकडे जायचे तोच उरला नव्हता. टपालखात्याने, ज्यात त्यांनी कधी नोकरी केली होती, २००५ साली त्यांचे तिकीट काढले. परळला, सुपारीबागेच्या त्याच परिसरात, राज्य सरकारच्या श्रमविज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. ‘दीनबंधु’ मात्र त्यांच्याबरोबर संपले नाही. ते वासुदेवराव बिर्जे यांनी पुढे चालवले, आणि त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे संपादकाच्या खुर्चीवर बसल्या.