इस्लाम शांतीचा धर्म आहे का? नगरच्या किल्ल्यात कैद असलेल्या मौलानांनी दिलेलं उत्तर

इस्लाम शांतीचा धर्म की तलवारीचा, हा वाद सोशल मीडियावर दर चार दिवसांनी पेटतो. एक जण कुराणातली लढाईची आयत टाकतो. दुसरा लगेच धर्मात जबरदस्ती नाही असं सांगणारी आयत टाकतो. कमेंट वाढत जातात आणि दोन्हीकडची माणसं होती तिथेच राहतात.

याच प्रश्नाशी आयुष्यभर झगडलेला एक माणूस जवळपास पावणेतीन वर्षं नगरमध्ये कैदेत होता. नागापूरच्या एमआयडीसीतून शहर ओलांडून भिंगारच्या बाजूला गेलं की भुईकोट किल्ला लागतो. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांनी काँग्रेसच्या बारा पुढाऱ्यांना इथे आणून ठेवलं. नेहरूंनी डिस्कव्हरी ऑफ इंडिया इथेच लिहिलं, हे बहुतेकांना शाळेपासून माहीत असतं. पण त्या बाराजणांमध्ये काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्षही होते आणि ते इस्लामचे मोठे पंडित होते. त्यांचं नाव मौलाना अबुल कलाम आझाद.

आझादांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ चा, मक्केतला. वडील मौलाना खैरुद्दीन हे नावाजलेले पीर होते आणि त्यांचे मुरीद दूरदूर पसरलेले होते. पुढे कुटुंब कलकत्त्याला स्थायिक झालं. इंग्रजी शिक्षणाने पोरं धर्मापासून तुटतात असं वडिलांचं ठाम मत होतं, म्हणून मुलाला शाळेत घातलंच नाही. घरीच अरबी, फारसी, तर्कशास्त्र, धर्मशास्त्र. पोरगा असा हुशार की मोठ्या विद्यार्थ्यांना जो अभ्यास संपवायला वर्षं लागायची, तो त्याने सोळाव्या वर्षाच्या आसपास संपवला.

मग गाडी रुळावरून घसरली. सगळे धर्म सत्य एकच आहे म्हणतात, तर मग एकमेकांना खोटं का ठरवतात? बरं, वेगवेगळ्या धर्मांचं सोडा, एकाच धर्मातले पंथ एकमेकांना काफर का म्हणतात? या प्रश्नांनी त्यांची झोप उडवली. काही वर्षं ते जवळजवळ श्रद्धाहीन अवस्थेत होते. वडिलांची पीराची गादी चालवायलाही त्यांनी नकार दिला. आझाद हे टोपणनाव याच काळातलं. वारशाने मिळालेल्या समजुतींतून मोकळा झालेला, असा त्याचा अर्थ.

पुढे ते श्रद्धेकडे परतले, पण वारसा म्हणून नाही, स्वतः शोधून. त्यांचं पुढचं सगळं काम समजून घ्यायचं तर हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

आता इथे एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तरुणपणीचे आझाद हे नंतरचे आझाद नव्हते. १९१२ मध्ये त्यांनी कलकत्त्यातून अल-हिलाल हे उर्दू साप्ताहिक काढलं. भाषा जळजळीत, प्रत्येक मुद्द्याला कुराणाचा आधार आणि सूर असा की मुसलमानांनी इंग्रजांविरुद्ध उठणं हे धर्मकर्तव्य आहे. जिहाद हा शब्द ते बिनधास्त वापरत. अल्लाचा पक्ष अशा अर्थाच्या नावाची संघटना उभी करायचाही त्यांनी प्रयत्न केला. सरकारने आधी जामीन मागितला, मग साप्ताहिक बंद पाडलं आणि १९१६ पासून त्यांना रांचीला नजरकैदेत ठेवलं.

१९२० मध्ये सुटून आल्यावर तर त्यांच्या हातून एक भयंकर गोष्ट घडली. खिलाफत चळवळीच्या ऐन भरात, इंग्रजांच्या राज्यात राहण्यापेक्षा देश सोडून हिजरत करणं हा धार्मिक मार्ग आहे, असं मत त्यांनी फतवा म्हणून दिलं. इतरांनीही असेच फतवे काढले होते. सिंध आणि सरहद्द प्रांतातली हजारो कुटुंबं घरदार, जमीन, गुरं मिळेल त्या भावाला विकून अफगाणिस्तानकडे निघाली. एवढे लोंढे पाहून अफगाण सरकारने ऑगस्टमध्ये दार लावलं. कित्येक वाटेत मेले, उरलेले कफल्लक होऊन परत आले. आझादांचं चरित्र सांगताना हे प्रकरण बऱ्याचदा गाळलं जातं. गाळू नये. धर्मग्रंथाचा अर्थ लावणाऱ्या माणसाच्या एका वाक्याची किंमत कोण मोजतं, ते यात उघडं दिसतं.

याच वर्षांत गांधींशी त्यांची गाठ पडली आणि विचारांची दिशा बदलू लागली. १९२१ मध्ये आग्र्याच्या खिलाफत परिषदेत त्यांनी मदिनेच्या कराराचा दाखला दिला. पैगंबर मदिनेत आले तेव्हा तिथल्या ज्यू टोळ्यांसह सगळ्यांशी त्यांनी करार केला होता, त्यात सगळ्यांना मिळून एक समुदाय मानलं होतं. मग भारतातल्या मुसलमानांनी हिंदूंशी मिळून एक राष्ट्र बनवणं इस्लामच्या विरोधात कसं? पुढे तो करार मोडला आणि रक्तही सांडलं, हा इतिहास आहेच. पण आझादांच्या लेखी पहिला प्रस्ताव कोणता होता, ते महत्त्वाचं होतं.

त्यांचं मुख्य उत्तर मात्र भाषणात नाही, तर तर्जुमान-उल-कुरआन या ग्रंथात आहे. कुराणाचं उर्दू भाषांतर आणि त्यावरचं भाष्य. या हस्तलिखिताचे भोग वाचले तरी हळहळ वाटते. पोलिसांनी झडतीत कागद उचलून नेले, परत दिले तेव्हा फाटलेले आणि विस्कटलेले. आझादांनी पुन्हा लिहायला घेतलं. पहिला भाग १९३० मध्ये मेरठच्या तुरुंगात हातावेगळा झाला. संपूर्ण कुराणाचं काम शेवटपर्यंत झालंच नाही.

या ग्रंथात त्यांनी सगळ्यात जास्त जागा दिली सूरह फातिहाला. कुराणाचा हा पहिला अध्याय फक्त सात आयतींचा आहे. प्रत्येक नमाजात तो म्हटला जातो, म्हणजे जगातल्या करोडो मुसलमानांना तो पाठ असतो. आझादांचं म्हणणं थोडक्यात असं. या अध्यायात ईश्वराची पहिली ओळख काय करून दिली आहे? तो साऱ्या विश्वांचं पालनपोषण करणारा आहे. त्याला नुसत्या मुसलमानांचा किंवा अरबांचा पालनकर्ता म्हटलेलं नाही. पाऊस पडताना तो शेत कोणाचं आहे ते बघत नाही. पालनपोषणानंतर येते दया आणि मग न्याय. ज्याचा देव असा आहे, त्याने धर्माची टोळी बनवणं हे त्या देवालाच नाकारणं आहे.

इथून ते पुढचं पाऊल टाकतात. दीन वेगळा आणि शरीयत वेगळी. दीन म्हणजे ईश्वरावर श्रद्धा आणि सदाचरण. तो सगळ्या प्रेषितांनी सगळ्या देशांत एकच सांगितला. शरीयत म्हणजे विधी, नियम, रीतीभाती. त्या काळाप्रमाणे आणि समाजाप्रमाणे बदलणारच. माणसं भांडतात ती शरीयतवरून आणि समजतात की आपण दीनसाठी भांडतोय. तरुणपणी झोप उडवणाऱ्या प्रश्नाला त्यांनी शोधलेलं उत्तर हे होतं.

मग लढाईच्या आयतींचं काय? आझाद त्या लपवत नाहीत. मक्केतल्या तेरा वर्षांत पैगंबरांच्या अनुयायांना छळ सोसायलाच सांगितलं होतं. हत्यार उचलायची परवानगी मिळाली ती घरादारातून हाकलल्यावर, मदिनेत. लढा, पण जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी, आणि मर्यादा ओलांडू नका, अशी अट त्या परवानगीलाच जोडलेली आहे. सोशल मीडियावर सगळ्यात जास्त फिरणारी आयत नवव्या अध्यायातली आहे. तिच्या आगेमागे वाचलं तर करार पाळणाऱ्यांना त्यातून वगळलेलं दिसतं, आणि शत्रूपैकी कोणी आसरा मागितला तर त्याला सुरक्षित जागी पोचवायला सांगितलेलं दिसतं. स्क्रीनशॉटमध्ये नेमका तेवढाच भाग कापलेला असतो.

म्हणजे आझादांच्या मते इस्लाम अहिंसेचा धर्म आहे का? नाही. हे गांधींनाही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. गांधींसाठी अहिंसा हे व्रत होतं, आझादांसाठी देशाच्या परिस्थितीत योग्य ठरणारं धोरण. १९४० मध्ये स्वातंत्र्य मिळणार असेल तर महायुद्धात इंग्रजांना साथ द्यायला ते तयार होते, गांधी नव्हते. अन्यायाविरुद्ध शस्त्र उचलणं त्यांच्या धर्माला मंजूर होतं. दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढण्यासाठी किंवा दाबून ठेवण्यासाठी उचलणं नामंजूर. शांतीचा धर्म या दोन शब्दांच्या घोषणेत हे मावत नाही.

सगळ्यांना हे पटलं, असं अजिबात नाही. दीन एकच असेल तर पैगंबरांवर वेगळी श्रद्धा ठेवायची गरज काय उरली, असं काही उलेमांनी विचारलं. आझादांना त्यावर खुलासे करावे लागले.

उलट दिशेने गेलेला माणूस तर नगरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेरच जन्मला होता. अबुल आला मौदुदी. जन्म १९०३, औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. डिसेंबर १९२६ मध्ये स्वामी श्रद्धानंदांची हत्या झाली आणि इस्लाम तलवारीचा धर्म आहे, अशी टीका देशभर सुरू झाली. उत्तर म्हणून तरुण मौदुदींनी जिहादवर मोठा ग्रंथ लिहिला. प्रश्न तोच, ग्रंथ तोच, तरी निष्कर्ष दुसराच. मौदुदींच्या मांडणीत इस्लाम ही संपूर्ण राज्यव्यवस्था झाली आणि ती जगात उभी करणं हे मुसलमानांचं काम ठरलं. १९४१ मध्ये त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापन केली. गंमत म्हणजे अल-हिलालमधले तरुण आझाद मौदुदींच्या जवळचे वाटतात. एकाने ती वाट सोडली, दुसऱ्याने ती पक्की केली.

मार्च १९४० मध्ये रामगढ काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आझादांनी सांगितलं की मुसलमान असण्याचा त्यांना अभिमान आहे आणि भारतीय असण्याचाही, आणि यातलं एकही सोडायला ते तयार नाहीत. काही दिवसांतच लाहोरला मुस्लिम लीगने वेगळ्या राष्ट्राचा ठराव केला. जिनांनी तर तार पाठवून त्यांना काँग्रेसचं शोभेचं बाहुलं म्हणून हिणवलं.

आणि मग ९ ऑगस्ट १९४२. पहाटे मुंबईत अटक, आगगाडीने नगर. सोबत नेहरू, वल्लभभाई, कृपलानी, नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, महाराष्ट्राचे शंकरराव देव आणि इतर. सुरुवातीला ना पत्रं, ना वर्तमानपत्रं. आझाद पहाटे तीन-चारला उठायचे, स्वतः चहा करायचे आणि मित्राला पत्र लिहायला बसायचे. ही पत्रं पोस्टात टाकायची सोय नव्हती, हे माहीत असूनही. १९४६ मध्ये ती गुबार-ए-खातिर नावाने छापली गेली आणि उर्दू गद्यातलं एक शिखर मानली जातात. त्यांत धर्म आहे, इतिहास आहे, संगीत आहे, आणि चहावर तर पानंच्या पानं. जेलरला त्यांनी निजामशाहीच्या इतिहासातलं चीता खान हे नाव देऊन टाकलं होतं.

एक पत्र चिमण्यांचं आहे. खोलीत चिमण्यांनी घरटी बांधून उच्छाद मांडला. मौलानांनी युद्ध पुकारलं, छत्री काय, बांबू काय! शेवटी हरले ते मौलानाच. मग तांदळाचे दाणे ठेवायला लागले. आधी लांब, मग जवळ, मग तळहातावर. काही दिवसांत चिमण्या हातावर बसून खाऊ लागल्या. त्यांनी त्यांची नावंही ठेवली. एक मोती, एक कलंदर आणि उगाच ऐट मारणारा एक मुल्ला.

एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला पत्नी जुलेखा बेगम गंभीर आजारी असल्याच्या तारा येत होत्या. सरकारला काही विनंती करायची असेल तर लगेच पुढे पाठवतो, असं तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सांगितलं. आझादांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढतोय त्याच्याकडे मेहेरबानी मागायची नाही. ९ एप्रिलला त्या गेल्या. छत्तीस वर्षांचा संसार. त्याबद्दलच्या पत्रात ते ओरडत नाहीत, रडत नाहीत. आवारात कोणाची तरी एक जुनी कबर होती, शेकडो वेळा नजरेखालून गेलेली. आता तिच्याशी काहीतरी नवं नातं जुळल्यासारखं वाटतं, एवढंच लिहितात.

१९४५ मध्ये त्यांना नगरहून बांकुऱ्याला हलवलं आणि जूनमध्ये सुटका झाली. फाळणी त्यांना थांबवता आली नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानकडे निघालेल्या मुसलमानांपुढे दिल्लीच्या जामा मशिदीत ते उभे राहिले आणि थांबा म्हणाले. सत्तावीस वर्षांपूर्वी याच माणसाने हिजरतीचा सल्ला दिला होता. या वेळी त्यांचं ऐकून काही जण थांबले, बरेच गेले.

स्वतंत्र भारताचे ते पहिले शिक्षणमंत्री. खरगपूरची पहिली आयआयटी, साहित्य अकादमी, विद्यापीठ अनुदान आयोग हे त्यांच्याच कारकिर्दीतलं. २२ फेब्रुवारी १९५८ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. जामा मशिदीच्या जवळच त्यांची कबर आहे. भारतरत्न मिळालं ते १९९२ मध्ये, मरणोत्तर. तर्जुमानचा उरलेला भाग लिहायचा राहिला तो राहिलाच.